शिमल्यात गॅस हीटर: पाच महिने, सहा टाक्या आणि एक 'टक्'

डिसेंबरात या हीटरला मी एकच तारा दिला होता आणि खाली बरंच काही लिहिलं होतं. ते आज बदलतोय. सगळं नाही, कारण माझे 650 रुपये अजून परत आलेले नाहीत. त्याचं पुढे सांगतो.

हीटर नेहमीचाच. तीन सिरॅमिक प्लेटा, मागच्या कपाटात 14.2 किलोची टाकी, खाली चार चाकं. बँकेने सांगलीहून शिमल्याला बदली केली तेव्हा घरमालकांनी आधीच बजावलं होतं की बर्फ पडला की वीज जाते, विजेच्या हीटरच्या भरवशावर राहू नका. त्यांच्याकडे स्वतःचा तंदूर आहे. आपला रोटीवाला नव्हे, इकडे लाकडावर चालणाऱ्या लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात आणि तिचा धूर पाइपातून थेट छपराबाहेर जातो. आमच्या मजल्यावर तशा पाइपाला जागा नाही, म्हणून हा गॅसचा घेतला. याला वीज अजिबात लागत नाही. ठिणगी खटक्याची, आणि आतला व्हॉल्व्ह उघडा धरायला थर्मोकपलचे, म्हणजे तापलं की जराशी वीज देणाऱ्या धातूच्या तुकड्याचे, काही मिलिव्होल्ट पुरतात; तो तापतो पायलटवर, म्हणजे सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीवर. जानेवारीत अख्ख्या गल्लीत अंधार असताना आमचा हॉल उबदार होता, हे कबूल करायलाच हवं.

पेटवण्याची पद्धत पुस्तिकेत सहा ओळींत संपवली आहे. पहिल्याच संध्याकाळी मी त्या सहा ओळी नीट वाचल्या नाहीत. गोल बटण दाबलं, खटका मारला, ज्योत नाही. परत मारला, नाही. रागाने सात-आठ वेळा मारला आणि नवव्या वेळी 'भप्प' करून पेटला. उजव्या हातावरचे केस गेले, बाकी काही झालं नाही. नव्या टाकीच्या नळीत आधी हवा असते, गॅस पोचायला थोडा वेळ लागतो. तोवर बटण दाबून धरायचं. तरीही नाही पेटला तर सोडून द्यायचं, पाच मिनिटं थांबायचं, खिडकी उघडायची, मग परत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून आता पेटवण्याआधी मी वाकून जमिनीजवळ वास घेतो. मुलगी हसते, हसू दे. वास आलाच तर विजेचं बटणसुद्धा दाबायचं नाही, बंदही करायचं नाही. टाकी बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि घराबाहेर जाऊन 1906 ला फोन.

ज्योत लागली तरी बटण लगेच सोडायचं नाही, वीसेक सेकंद दाबून धरायचं. थर्मोकपल तापेपर्यंत तुमचा अंगठाच व्हॉल्व्ह. बटणाची स्प्रिंग इतकी कडक की बायकोचा अंगठा दुखायचा, मग तिने दिवेलागणीलाच हीटर लावायला सुरुवात केली. देवापाशी दिवा लावायचा, इकडे येऊन बटण दाबायचं आणि 'शुभं करोति' म्हणायचं. 'दिव्या दिव्या दीपत्कार' संपलं की सोडायचं. आजवर तिच्या हातून एकदाही पायलट विझलेला नाही. मी घड्याळ लावून धरलं तर विझतो कधीकधी.

मग एक प्लेट, दोन मिनिटांनी दुसरी. तिसरी आम्ही पाच महिन्यांत फार तर दहा वेळा लावली. कारण उघड आहे. टाकी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून मी मोजलंय: दोन प्लेटांना तासाला साधारण 200 ग्रॅम. टाकी नऊशेच्या आसपास पडते, म्हणजे तासाला साडेबारा-तेरा रुपये. रोज तीन तास. टाकीच्या गळ्याशी रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की किती उरलाय ते कळतं, टाकी हलवून अंदाज घेण्याची गरज नाही. वजन करताना हीटर विझलेला आणि गार हवा, हे सांगायला नकोच.

आता भांडण. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हीटर आपोआप बंद पडायला लागला. पेटायचा झकास, पाऊणएक तास चालायचा आणि गप्प. परत लावला की दहा मिनिटांत परत गप्प. सर्व्हिस सेंटर चंदीगढला, माणूस यायला नऊ दिवस. तो आला, त्याने थर्मोकपल खराब आहे म्हणून बदललं आणि वॉरंटीत 'जळणारे भाग' येत नाहीत म्हणून 650 रुपये घेतले. त्याच रात्री हीटर पन्नास मिनिटांनी बंद. परत फोन, परत आठवडा. दुसरा माणूस आला, त्याने झाकण काढलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सर, सेन्सर ही डायरेक्ट कर देता हूँ, फिर कभी बंद नहीं होगा."

डायरेक्ट! हा शब्द ऐकून मी एकदम गावी पोचलो. आमच्याकडे मळ्यातला स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला की कुणीतरी हुशार माणूस येतो आणि मोटर डायरेक्ट करून देतो, म्हणजे स्टार्टर मधून काढूनच टाकतो. चार दिवस पाणी झकास येतं, पाचव्या दिवशी मोटर जळते आणि रिवाइंडिंगचं बिल येतं. इथे जळायला मोटर नव्हती, आम्ही तिघं होतो. मी त्याला चहा दिला आणि झाकण परत लावायला सांगितलं. व्हिजिट चार्ज मागितला, तो मात्र दिला नाही.

एक तारा त्या रात्री दिला. आणि खरं सांगायचं तर चूक निम्मी आमची होती.

हे कळलं ते त्या 'टक्'वरून. या हीटरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. आतला व्हॉल्व्ह चुंबकाने धरलेला असतो. थर्मोकपल गार झालं की चुंबक सुटतो आणि 'टक्' असा बारीक, स्वच्छ आवाज येतो. जिभेने टाळूला मारावा तसा. तुम्ही टाकी बंद केलीत तर आधी प्लेटा लालच्या काळ्या होतात, पायलट विझतो आणि बऱ्याच सेकंदांनी टक्. टाकी संपत आली किंवा गारठली तरी तोच क्रम, आधी आग मंदावते, मग टक्. पण आमचा हीटर बंद पडायचा तेव्हा क्रम उलटा होता. प्लेटा लालभडक, आणि टक्. मग अंधार. म्हणजे गॅस होता, प्लेटांना काही झालं नव्हतं, पायलटनेच व्हॉल्व्ह सोडला होता.

एका रविवारी मी उशी घेऊन हीटरसमोर आडवा झालो आणि पायलट बघत बसलो. बायकोने विचारलं, "अहो, बरं वाटत नाहीये का?" सुरुवातीला ज्योत निळी, आखूड, थर्मोकपलच्या टोकाला घट्ट चिकटलेली. अर्ध्या तासाने ती लांबायला लागली. चाळीस मिनिटांनी टोकापासून सुटून वर उचलली गेली, जागा शोधत असल्यासारखी हलायला लागली. मग टक्.

हा बिघाड नाही, हेच त्या पायलटचं काम आहे; दुसरा माणूस डायरेक्ट करणार होता तो सेन्सर हाच. तो असाच बनवलेला असतो की खोलीतला प्राणवायू कमी झाला की ज्योत थर्मोकपल सोडते आणि गॅस बंद होतो. हवेत एरवी 21 टक्क्यांच्या आसपास प्राणवायू असतो, तो 18 च्या घरात आला की हे व्हायला हवं. आणि आम्ही काय केलं होतं? थंडी येते म्हणून खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली होती, दाराखाली जुनी साडी. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तीन माणसं आणि दोन प्लेटा. त्यात शिमला 2,200 मीटरवर. इथे हवाच समुद्रकाठच्या मानाने तीन-चतुर्थांशाच्या थोडी वर. मुंबईत जो पायलट तग धरेल तो इथे लवकर मान टाकणार. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात एक ओळ आहे की उंचीवर पायलट लवकर विझू शकतो. ती दोन्ही माणसांनी वाचलेली नव्हती. मीही नव्हती, पण मी 650 रुपये घेत नव्हतो.

पेपर काढले. खिडकी चार बोटं उघडी आणि समोरचं दार किलकिलं. तेव्हापासून हीटर सलग तीन तास चालतो, एकदाही उलटा टक् नाही. खिडकीतून ऊब जाते म्हणून आधी माझा जीव खाली-वर व्हायचा, पण फरक फार तर अर्ध्या प्लेटचा. शिवाय काचांवरून ओघळणारं पाणी थांबलं. या हीटरला धुराडं नाही, त्यामुळे जळून जे तयार होतं ते खोलीतच राहतं. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाण्याची वाफ होते. म्हणजे आम्ही रोज जवळजवळ लिटरभर पाणी भिंतींना पाजत होतो. कपाटामागे बुरशी आली ती त्याचीच.

एक महत्त्वाचं. हा सेन्सर प्राणवायूवर लक्ष ठेवतो, कार्बन मोनॉक्साइडवर नाही. खोलीत अंगीठी (कोळशाची शेगडी) ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या इकडे हिवाळ्यात वाचायला मिळतात, त्या त्याच वायूच्या, आणि त्याला वास नसतो. त्याचा वेगळा अलार्म मी घेतला. त्या खरेदीवर मात्र मी घासाघीस केली नाही, हे आमच्या घरात ऐतिहासिक आहे. आणि हीटर लावून झोपायचं नाही. दहा वाजता बंद, मग गोधड्या.

बंद करण्याबद्दल. हीटर बसवायला आलेल्या माणसाने बटण फिरवून 'हो गया' म्हटलं होतं. तसं करू नका. आधी टाकीवरचा रेग्युलेटर बंद करायचा, नळीतला गॅस जळून जाऊ द्यायचा, प्लेटा विझल्या की टक् ऐकायचा आणि मगच समोरचं बटण बंदवर आणायचं. नुसतं बटण बंद केलं तर दाबाखालची नळी रात्रभर तुमच्या उशाशी. नळी केशरी, आत तारांची जाळी असलेली घ्या आणि पाच वर्षांनी बदला. टाकी बदलली की सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर परत बसवा. काडी लावून बघणारे महाभाग मी बँकेतच पाहिलेत.

टक् ऐकल्याशिवाय मला आता झोप लागत नाही. फेब्रुवारीत एकदा टीव्हीवरच्या मालिकेच्या ढणढणाटात तो हुकला. प्लेटा गार, रेग्युलेटर बंद, सगळं व्यवस्थित होतं, तरी साडेअकराला उठलो, हीटर परत पेटवला, वीस सेकंद धरला आणि परत बंद केला. टक्. गोधडीतून आवाज आला, "दोन रुपयांचा गॅस जाळलात." दोन नाही, फार तर चाळीस पैशांचा होता, पण त्या वेळी हिशोब सांगण्यात अर्थ नव्हता.

तक्रारी उरल्यात त्या अशा. बटणाची स्प्रिंग, वर सांगितलीच. चाकं इतकी सहज फिरतात की मुलीने पेटलेला हीटर एकदा पडद्याकडे ढकलला. आता चाकांखाली लाकडाच्या पाचरी आहेत आणि पडदे वर बांधलेत. हीटरच्या तोंडासमोर मीटरभर काही ठेवत नाही, पायमोजे तर नाहीच. आणि कडाक्याच्या सकाळी गॅलरीतून आणलेली टाकी धड चालत नाही. या गॅसमधला ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे गारठलेल्या टाकीत पुरेसा गॅस बनत नाही. शेजारी टाकीवर गरम पाणी ओततात, कुणी आडवी करतात. आडवी केली तर पातळ गॅस थेट नळीत येतो, ते करू नका. आदल्या रात्रीच टाकी घरात आणून उभी ठेवली की प्रश्न मिटतो.

एप्रिल लागला. काल हीटर बांधून ठेवला. टाकीला टोपी लावली, प्लेटांवरची धूळ मऊ ब्रशने झाडली, पायलटच्या भोकात सुई घातली नाही कारण ते भोक मोठं झालं की सेन्सर बिघडतो, फक्त फुंकणीने हवा मारली. वर जुनी चादर, आतल्या नळीच्या तोंडाला कापड, कोळी शिरू नये म्हणून.

चार तारे देतोय. पाचवा 650 रुपये आले की. थर्मोकपल चांगलं होतं, जुनं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि सर्व्हिस सेंटरला तीन मेल गेलेत.