भीमसेन की कुमार?

भाचीने विचारलं, "मामा, शास्त्रीय ऐकायचंय, सुरुवात भीमसेनांपासून करू की कुमारांपासून?"

कानाला सवय नसेल तर भीमसेन जोशी सोपे. त्यांच्या 'तीर्थ विठ्ठल' या अभंगाला मान आपोआप डोलते. पुढे त्यांच्या किराणा घराण्याचा (म्हणजे गायकीच्या परंपरेचा) ख्याल, रागाची ती सविस्तर मांडणी, मात्र निवांत तासभर मागतो.

कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं, मध्य प्रदेशातल्या देवासला काही वर्षं गाणंच बंद होतं. त्यानंतरचा तो छोट्या दमाचा, अचानक वर उसळणारा स्वर! त्यांचं 'उड जायेगा' हे भजन मला पहिल्यांदा अर्धवटच वाटलं होतं (तेव्हा मी विशीत, अक्कल बेताची). पण पुन्हा पुन्हा ऐकायचं तर कुमारच. दर खेपेला एखादी निसटलेली सुरांची जागा सापडते.

सकाळी पोळ्या लाटताना भीमसेनांचे अभंग लाव. रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून कुमार.