घरातल्या सर्वांनी मिळून पाहायचे चित्रपट : काही लोकप्रिय चित्रपटांविषयी स्पष्ट मत

सुट्टीच्या दिवशी चित्रपटाला जायचे ठरले की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : आजी-आजोबा आणि मुलाबाळांसह तो पाहता येईल का? उत्तर देताना बहुतेक जण पडद्यावर चुंबनदृश्य आहे का, संवादांत शिव्या आहेत का, गाण्यांत कपडे तोकडे आहेत का, एवढेच पाहतात. वडीलधाऱ्या माणसांना अवघडल्यासारखे होऊ नये, याची काळजी त्यातून घेतली जाते; पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला त्या अंधारात काय वाटेल आणि घरी गेल्यावर त्याला झोप लागेल का, याचा विचार फारच थोडे लोक करतात. हे मोजमाप मला अपुरे वाटते. मराठी घरांनी उचलून धरलेले काही चित्रपट लहान मुलांच्या बाजूने पुन्हा पाहिल्यावर हे मत अधिक पक्के झाले आहे.

प्रमाणपत्राचा आधार घ्यावा, तर त्याची मर्यादाही ठाऊक असायला हवी. १९८३ पासून आपल्याकडे ‘यूए’ हा वर्ग आहे आणि बारा वर्षांखालील मुलांनी असा चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ होता. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्याचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले. आठ वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचे मूल एकाच मापाने मोजणे चुकीचेच होते, त्यामुळे हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. मात्र हा आकडा दारावर तिकीट तपासणाऱ्यासाठी नसून आईवडिलांसाठी असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘ए’ प्रमाणपत्र असेल, तर अठरा वर्षांखालील मुलाला चित्रपटगृहात सोडता येत नाही. यूए १६+ चित्रपटाला मात्र चार वर्षांचे मूलही आईच्या मांडीवर बसून जाऊ शकते. निर्णय सर्वस्वी घरच्यांचा असतो आणि तो बहुधा तिकिटे काढून झाल्यावर आठवतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेला ‘छावा’. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला आणि विकी कौशल यांनी छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका केलेला हा हिंदी चित्रपट महाराष्ट्रात घरेच्या घरे एकत्र जाऊन पाहत होती. पाच-सहा वर्षांची मुलेही त्यात होती, कारण आपल्या राजाचा इतिहास मुलांनी पाहायलाच हवा, अशी आईवडिलांची प्रामाणिक भावना होती. त्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण चित्रपटाला यूए १६+ प्रमाणपत्र होते आणि ते अगदी योग्य होते. संगमेश्वरची लढाई आणि राजे पकडले जाण्याचा प्रसंग अत्यंत थरारक झाला आहे. त्यानंतरचा छळाचा भाग मात्र लांब आहे, जवळून दाखवलेला आहे आणि मोठ्या आवाजाने तो अंगावर येतो. साखळदंडांनी जखडलेले शरीर, उपसली जाणारी नखे, जखमांवर टाकलेले मीठ, डोळ्यांसमोर आणलेल्या तापलेल्या सळया, हे सारे त्या खुर्चीत बसून पाहावे लागते.

मोठ्या माणसाच्या मनात या दृश्यांना आधार असतो. औरंगजेबाने काय मागितले, राजांनी काय नाकारले आणि त्या नकारानंतर मराठ्यांनी किती वर्षे झुंज दिली, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून वेदना पाहतानाच आपल्याला अभिमानही वाटतो. सहा वर्षांच्या मुलापाशी ही साखळी नसते. एका चांगल्या माणसाला बांधून ठेवले आहे, त्याला दुखवले जात आहे आणि कोणीच त्याला सोडवायला येत नाही, एवढेच त्याला कळते. इतिहास आहे म्हणून रक्त कमी भीतिदायक होत नाही. उलट ‘हे खरेच घडले होते’ असे आपण सांगितल्यावर मुलाची भीती वाढते. आठवी-नववीतल्या, इतिहास वाचलेल्या मुलामुलींबरोबर हा चित्रपट जरूर पाहावा. दहा वर्षांखालच्या मुलांना तो दाखवू नये, असे माझे ठाम मत आहे आणि घरी छोट्या पडद्यावर पाहतानाही शेवटच्या भागात त्यांना दुसऱ्या खोलीत न्यावे.

शिवकाळावरचा चित्रपटच मुलांना दाखवायचा असेल, तर दिग्पाल लांजेकर यांचा २०२२ चा ‘पावनखिंड’ अधिक सोसवणारा आहे. त्यातही तलवारी चालतात, माणसे पडतात आणि बाजीप्रभूंचे बलिदान डोळ्यांत पाणी आणते. तरीही मुलाच्या हाती एक स्पष्ट धागा राहतो : राजे विशाळगडावर पोहोचेपर्यंत खिंड सोडायची नाही आणि पोहोचल्याची खूण म्हणजे तोफांचे आवाज. मूल त्या आवाजांची वाट पाहत बसते, त्यामुळे बाजीप्रभूंच्या मरणाला त्याच्या मनातही अर्थ मिळतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन हा चित्रपट निर्धास्त पाहता येतो. त्याहून लहान मुलांसाठी लढाईची दृश्ये जास्त होतात.

विनोदी चित्रपटांबद्दल आपण फारच निश्चिंत असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ मध्ये आला आणि आजही दूरचित्रवाणीवर लागला की आजोबांपासून नातवापर्यंत सगळे समोर बसतात. हा लौकिक त्याने पूर्णपणे कमावलेला आहे. पुण्यात अविवाहित पोरांना जागा मिळत नाही, ही त्याची मूळ अडचण आजही तशीच असल्याने ती कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. दोन पुरुष बायकांच्या वेशात वावरतात, पण त्यातली गंमत त्यांच्या होणाऱ्या फजितीची आहे. बाईपणाची हेटाळणी त्यात जवळजवळ नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा वेळेवर पडणारा प्रत्येक शब्द सात वर्षांच्या मुलालाही हसवतो. म्हाताऱ्या, भोळ्या घरमालकिणीला फसवण्यावर कथानक उभे आहे, ही एकच गोष्ट मुलांशी बोलण्याजोगी आहे, आणि ती थाप शेवटी उघडी पडते, याची काळजी चित्रपटानेच घेतली आहे. त्या काळातले सगळेच विनोदी चित्रपट असे नाहीत. तोतरे बोलणारा, काळा, जाडा किंवा बायकी चालीचा माणूस दिसला की हसायचे, अशी शिकवण त्यांतले बरेच चित्रपट नकळत देतात. वर्गात ज्या मुलाला याच कारणांवरून चिडवले जाते, ते मूल त्या क्षणी आपल्या घरच्यांना हसताना पाहत असते. अशा चित्रपटांत एकही शिवी नसते आणि ते सर्रास सहकुटुंब पाहण्याजोगे मानले जातात.

महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’बद्दल थोडक्यात सांगता येईल. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांची भूमिका यांमुळे आमची अख्खी पिढी त्या चित्रपटावर वाढली. दहा वर्षांच्या मुलाला त्यातली भीती आणि हसू यांचा मेळ आवडतो. खोलीत बाहुल्या घेऊन झोपणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र तो दाखवू नये.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि अजय-अतुल यांच्या गाण्यांनी गावोगावच्या वराती व्यापल्या. त्या गाण्यांपायी लोक लहान मुलांना घेऊन चित्रपटगृहात गेले. पूर्वार्धात मुले खुर्च्यांसमोर नाचली, आणि शेवटी त्याच मुलांना रक्ताने माखलेली बाळपावले पाहावी लागली. नागराज मंजुळे यांनी हत्या प्रत्यक्ष दाखवलेली नाही. आवाजच काढून घेतला आहे. ती शांतता पडद्यावरच्या कोणत्याही हाणामारीपेक्षा जास्त काळ मनात राहते. म्हणूनच ज्यांना जात म्हणजे काय हे थोडेफार कळू लागले आहे, अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर आईवडिलांनी मुद्दाम पाहावा, असा मी त्याला मानतो. चित्रपट संपल्यावर दहावीतली मुलगी विचारेल, की मी असे केले तर तुम्ही काय कराल? या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची तयारी नसेल, तर हा चित्रपट तिच्याबरोबर पाहण्यात अर्थ नाही. आंतरजातीय प्रेम दाखवल्यामुळे मुले बिघडतील म्हणून ‘सैराट’ टाळणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. शेवट सोसणार नाही म्हणून आठ वर्षांच्या मुलाला घरी ठेवणाऱ्या पालकांशी पूर्ण सहमत आहे.

रवी जाधव यांचा २०१४ चा ‘टाईमपास’ त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी समजला गेला. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांचा अभिनय गोड आहे, वैभव मांगले यांचा कडक बाप लक्षात राहतो, आणि चाळीचे वातावरण जिव्हाळ्याचे आहे. तरीही शाळकरी मुलीच्या मागे मागे फिरणे म्हणजे प्रेम, असा समज तेरा वर्षांच्या मुलाने त्यातून घेऊ नये, एवढे घरात कोणीतरी बोलून दाखवायला हवे.

आता ज्या चित्रपटांसाठी मी कोणालाही आग्रहाने सांगेन, त्यांच्याकडे वळतो. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ साली आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंढरपुरातल्या विधवा आईचे स्वेटर विणण्याचे यंत्र कर्जापायी अडकलेले आहे. ते सोडवायला वडिलांनी बनवलेली सायकल विकावी लागणार आहे. ती वाचवण्यासाठी भावंडे मित्रांना घेऊन यात्रेच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान थाटतात. घरातली पैशांची चणचण मुलांपासून लपवणे हा आपल्याकडचा रिवाज आहे. या चित्रपटातल्या मुलांना ती पूर्ण ठाऊक असते, आणि म्हणूनच ती इतकी शहाणी, इतकी खट्याळ आणि इतकी जिवंत वाटतात. सात वर्षांच्या मुलाला सायकलीची काळजी लागते, त्याच्या आईला हप्त्यांची, आजीला वारीची. एकाच दृश्यात तिघांनाही आपापले काहीतरी सापडते. न्यूटनवरचे कीर्तन ऐकून शाळकरी मुले खुलतात, ते वेगळेच.

त्याच दिग्दर्शकाचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मी याहून वर ठेवतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट पूर्ण केला, तो घरातले सामान विकून आणि बायकोमुलांना कामाला लावून. ही ओढाताण इतक्या हलक्या हाताने सांगितली आहे, की त्यातले दारिद्र्य बोचत नाही आणि लपतही नाही. नंदू माधव यांचे फाळके सतत उत्साहात असतात. सरस्वतीबाई त्या उत्साहाला घाबरत नाहीत, हे मुलींनी विशेष पाहावे. सर्व वयांसाठी, एकही दृश्य न वगळता पाहण्याजोगा असा हा चित्रपट आहे.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ हे दोन्ही मुलांविषयीचे चित्रपट आहेत, पण लहान मुलांसाठी सरसकट नाहीत. ‘किल्ला’मध्ये वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय आहे. मुसळधार पावसात मित्र त्याला किल्ल्यावर एकटा सोडून जातात, तो प्रसंग बदलीच्या नोकरीत वाढलेल्या प्रत्येक मुलाला ओळखीचा वाटेल. चित्रपट संथ आहे. आठ वर्षांचे मूल कंटाळेल, बारा वर्षांचे गप्प होईल. शाळा बदललेल्या मुलाला तो जरूर दाखवावा.

‘नाळ’बद्दल अधिक जपून बोलायला हवे. २०१८ च्या या चित्रपटातल्या चैत्याला आपली आई आपली जन्मदात्री नाही, हे पाहुण्याकडून कळते आणि त्याच्या साध्या दिवसांचा रंगच बदलतो. श्रीनिवास पोकळेचे काम इतके सहज आहे, की त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचे आश्चर्य वाटत नाही. देविका दफ्तरदार यांची आई मुलाचा दुरावा न बोलता सोसते. पोटच्या मुलांच्या घरात हा चित्रपट आठ-नऊ वर्षांपासून पाहता येईल. मूल दत्तक घेतलेल्या घरात मात्र आईवडिलांनी आधी दोघांनीच तो पाहावा. मुलाला ती गोष्ट आधीच प्रेमाने सांगितलेली असेल, तर ‘नाळ’ त्या कुटुंबाला जवळचा वाटेल. सांगितलेली नसेल, तर चित्रपटगृहातला अंधार ही ती कळण्याची जागा नव्हे.

‘श्वास’चा क्रम मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला वयाचा आकडा लावणे सर्वांत कठीण जाते. संदीप सावंत यांच्या २००४ च्या या चित्रपटात डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार आहे आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला एक दिवस जग दाखवतात. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्यात पडद्यावर जे नाते उभे राहते, ते पाहून माझ्या परिचयातली अनेक आजोबा मंडळी बोलेनाशी झाली. चित्रपटात भडक असे काहीच नाही. डॉक्टर मुलापासून काही लपवायला तयार नसतात आणि मुलाला नेमके काय सांगायचे, यावरच सारा ताण आहे. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर तेवढे दिवस तो बाजूला ठेवावा. एरवी दहा वर्षांच्या नातवंडाने तो आजोबांबरोबर, दिवसाउजेडी, मध्ये न थांबवता पाहावा.