फ्लोरोसंट प्लास्टिसॉल: थर्मोप्लास्टिक रंगद्रव्य की थर्मोसेट?

विळ्या-खुरप्याच्या मुठीला फ्लोरोसंट केशरी आवरण दिले, तर काळ्या वावरात पडलेले अवजारही लांबून दिसते. विदर्भातील खेड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करणाऱ्याने पीव्हीसीची भुकटी प्लास्टिसायझरमध्ये (प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रवात) कालवून केलेल्या प्लास्टिसॉलात थर्मोप्लास्टिक (उष्णतेने मऊ होणारे) रंगद्रव्य घालावे की थर्मोसेट (एकदा पक्के झाले की पुन्हा न वितळणारे), हे आधी ठरवावे. दोन्ही प्रकारांत रंग रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) सूक्ष्म कणांत विरघळलेला असतो. फरक त्या रेझिनचा आहे.

थर्मोप्लास्टिक कण सहज मिसळतात आणि झळाळी उत्तम देतात. मात्र प्लास्टिसायझर त्यांना फुगवू किंवा मऊ करू शकतो, आणि मग साठवणीत मिश्रण घट्ट होत जाते, शिवाय रंग आवरणातून पाझरून हाताला लागण्याची भीती राहते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की शेडमधल्या पिंपात ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून हा प्रकार निवडलाच तर घाणा लहान करून लगेच वापरावा.

थर्मोसेट कणांचे रासायनिक जाळे पक्के असल्याने ते प्लास्टिसायझरला आणि आवरण पक्के करणाऱ्या भट्टीतील साधारण 160 ते 190 अंश सेल्सिअसच्या उष्णतेला अधिक चांगले तोंड देतात. ते विखुरायला मात्र थोडी जास्त मेहनत लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी मी हेच निवडीन.

उन्हात फिके पडणे मात्र दोघांनाही चुकत नाही. खाली पांढरा थर आणि वर अतिनील किरण शोषणारा पारदर्शक थर दिल्यास झळाळी वाढते आणि थोडी अधिक टिकते.