नेरूळचा बायोइन्फॉर्मॅटिक्सचा रविवारचा कोर्स, एमएस आणि व्हायरस : 5 पैकी 4 स्टार

माझ्या ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार), घरात आम्ही नुसतं एमएस म्हणतो. त्यामुळे नेरूळ स्टेशनजवळ एका क्लासवाल्यांनी एमएस आणि व्हायरस यावर चार रविवारचा बायोइन्फॉर्मॅटिक्सचा (जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासायचा) कोर्स लावलाय कळल्यावर मी लगेच 6500 भरून टाकले. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी थेट आहे. क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

शिकवणाऱ्या मॅडम खरंच जबरदस्त. पहिल्या रविवारी लॅपटॉप उघडूच दिला नाही, 2022 चा हार्वर्डवाल्यांचा अभ्यास समजावला. अमेरिकन सैन्यातल्या 1 कोटीहून जास्त लोकांचा डेटा, त्यातल्या 801 एमएसवाल्यांचे साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने, आणि दिसलं काय तर एपस्टाईन-बार व्हायरस म्हणजे ईबीव्ही लागून गेल्यावर एमएसचा धोका 32 पट, पण तसाच लाळेतून पसरणारा सायटोमेगॅलो व्हायरस लागला तर धोका वाढत नाही. मी वहीत 32 ला दोनदा गोल केला. मग मॅडम म्हणाल्या, आता हेही लिहा, मोठ्या माणसांपैकी 90 टक्क्यांहून जास्त जणांच्या अंगात ईबीव्ही असतोच आणि एमएस त्यातल्या फार थोड्यांना होतो.

दुसरा रविवार ब्लास्टचा, म्हणजे प्रोटीन किंवा डीएनएची अक्षरं एकमेकांशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅमचा, आणि पैसे वसूल झाले ते इथेच. ईबीव्हीचं ईबीएनए1 नावाचं प्रोटीन घेऊन माणसाच्या प्रोटीन्सशी जुळवायचं होतं. माझ्या स्क्रीनवर धडाधड मॅच यायला लागले, मला वाटलं सापडलं! मॅडमनी शेजारी बसून दाखवलं की त्या प्रोटीनमध्ये ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन हे प्रोटीनचे घटक परत परत येणारा एक लांबलचक पट्टा आहे, त्यामुळे ग्लायसिनने भरलेलं काहीही त्याला जुळतं. फिल्टर लावला आणि यादी बघता बघता आटली. मग स्टॅनफर्डवाल्यांचं 2022 चंच काम दाखवलं, ईबीएनए1 चा छोटा तुकडा आणि मेंदूतलं ग्लियलकॅम हे प्रोटीन, दोघांना एकच अँटीबॉडी चिकटते. ती अँटीबॉडी त्यांनी एमएसच्या पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यातल्या बी पेशींवरून (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) मिळवली होती. आणि ग्लियलकॅमवर फॉस्फेट लागलेलं असलं की पकड अजून घट्ट होते, जे नुसती अक्षरं जुळवून कधीच कळलं नसतं. हे ऐकून मी गप्पच बसलो, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात मॅच आला म्हणजे झालं असंच होतं.

तिसऱ्या रविवारी आरएनए-सेक, म्हणजे नमुन्यातला आरएनए वाचून काढायचं तंत्र. माणसाचे रीड्स (वाचलेले छोटे तुकडे) बाजूला काढायचे, उरलेले व्हायरसच्या डेटाबेसवर टाकायचे आणि निरोगी लोकांचे नमुने पण अगदी त्याच पायऱ्यांतून न्यायचे. इथली एक गोष्ट कायम लक्षात राहील, सॅम्पल कशाचं आहे ते आधी वाचा, कारण लॅबमध्ये बी पेशी सतत वाढत्या ठेवायला ईबीव्हीच वापरतात, मग तशा सेल लाइनमध्ये ईबीव्ही सापडला तर त्यात शोध कसला.

आता तक्रारी. डेटाबेस आधी डाउनलोड करून ठेवलेला नव्हता, वायफाय रडत होतं, अख्खी दुपार पट्टी सरकताना बघण्यात गेली आणि माझा 8 जीबीचा लॅपटॉप दोनदा लटकला. त्यामुळे चौथ्या रविवारी सगळं घाईत. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जीन, त्यातला डीआरबी1 चा 15:01 हा प्रकार एमएसच्या धोक्यातला एवढा मोठा भाग, त्याला जेमतेम दहा मिनिटं! मला तोच नीट समजून घ्यायचा होता, कारण ताई नेहमी विचारते मलाच का.

फीडबॅकमध्ये हे सगळं लिहून दिलंय. पुढच्या बॅचला डेटाबेस हार्ड डिस्कवर आधीच देणार म्हणालेत, तरी पैसे भरण्याआधी फोन करून विचारा आणि शक्यतो 16 जीबी रॅमवाला लॅपटॉप न्या.