पिरिऑडिक टेबलचा चार्ट: बाणवाला नको, आकडेवाला घ्या

पोरगी यंदा पीयूसी फर्स्ट इयर (म्हणजे अकरावी) सायन्सला, म्हणून बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून भिंतीवर लावायचा पिरिऑडिक टेबलचा चार्ट आणला. लॅमिनेटेड, ११८ च्या ११८ एलिमेंट, साडेतीनशे रुपये. शंभर-दीडशेचेपण मिळतात की, पण त्यात नुसतं नाव, चिन्ह, नंबर आणि कडेला दोन बाण, डावीकडून उजवीकडे साइज कमी, वरून खाली जास्त, झालं. ह्यात प्रत्येक चौकोनात अणुत्रिज्या (अणूची साइज), आयोनायझेशन एनर्जी (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा), इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद), मेल्टिंग पॉइंट असे चार आकडे आहेत, आणि मला विचाराल तर सगळे पैसे त्या आकड्यांचे आहेत.

बाण चुकीचा नाही. सोडियम १८६ पिकोमीटर, त्याच ओळीत क्लोरीन ९९, कारण बाहेरची कक्षा तीच राहते आणि केंद्रात एकेक प्रोटॉन वाढत जातो, मग इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. पण बाण पाठ करून गेलेलं पोर नायट्रोजन-ऑक्सिजनजवळ अडकतंय बघा. आयोनायझेशन एनर्जी नायट्रोजनची १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल, वाढायच्या जागी उतरली! नायट्रोजनचे बाहेरच्या कक्षेतले तीन पी इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलमध्ये (इलेक्ट्रॉनच्या खोल्या म्हणा) सुटे बसलेत, ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी जोडीला बसावं लागतं, जोडीतले दोघं एकमेकांना ढकलतात आणि मग एक काढायला सोपा जातो. आकडे शेजारी-शेजारी दिसले की पोरगी स्वतःहून ‘हे असं का’ विचारते, बाणाने ते होत नाही.

मी स्वतः उद्यमबागेत फौंड्रीत आहे त्यामुळे माझी नजर पहिली मधल्या ब्लॉकवर. क्रोमियम १९०७ डिग्रीला वितळतं, लोखंड १५३८ ला, आणि दोघांच्या मध्ये बसलेलं मँगनीज १२४६ लाच! त्याच्या डी नावाच्या आतल्या उपकक्षेत दहापैकी पाच इलेक्ट्रॉन, बरोबर अर्धी भरलेली, ते अणूजवळच घट्ट राहतात, धातूच्या बंधात कमी उतरतात म्हणून बंध ढिला. आणि लोखंड, कोबाल्ट, निकेल ह्यांची साइज बघा, १२६, १२५, १२४, जवळजवळ सारखीच, कारण नवा इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत जातो आणि बाहेरच्यावरची ओढ फारशी वाढू देत नाही. निकेल लोखंडात इतकं छान मिसळतं त्याला हेपण एक कारण आहे. हे पोरीला दाखवताना मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही.

वरून खालच्या बाणालापण अपवाद आहे, ॲल्युमिनियम १४३ आणि त्याच्या खालचं गॅलियम १३५. मधे दहा डी इलेक्ट्रॉन येतात, ते केंद्राची ओढ नीट अडवत नाहीत. ह्याच गॅलियमची जागा टेबल मांडणाऱ्या मेंडेलीव्हने रिकामी सोडून गुणधर्म आधीच सांगितले होते, १८७५ ला ते खरंच सापडलं. चार्टवर हे कुठं लिहिलेलं नाही, एका ओळीत द्यायला पाहिजे होतं.

आता खटकलेलं. फ्लोरीन ६४ आणि पुढं निऑन एकदम १६०. फ्लोरीनची त्रिज्या बंधातली घेतलीय आणि निऑन बंध करत नाही म्हणून त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध न करता दोन अणू जितके जवळ येतात त्यावरून काढलेली, म्हणून मोठी), दोन्ही एकाच रंगात, खाली टीप नाही काही नाही. पोरं सरळ समजणार की ओळीच्या शेवटी अणू फुगतो. ही मोठी चूक आहे, छापणाऱ्यांनी दुरुस्त करायलाच पाहिजे. मी मार्करने शेवटच्या उभ्या रांगेतल्या निऑनसारख्या नोबल गॅसवर खूण करून दिली. खाली वेगळ्या काढलेल्या ओळीतल्या लॅन्थॅनाइडचे आकडे फार बारीक, आणि ट्यूबलाइट समोर असली की लॅमिनेशन चमकतं, म्हणून बाजूच्या भिंतीला लावा.

तरीपण पाचपैकी चार. दुकानात गुंडाळी उघडून आकडे आहेत का बघूनच घ्या, खानापूर-निपाणीहून येणाऱ्यांनी तर नक्की, आणि घडी घालून देऊ नका म्हणून सांगा, घडीवरची छपाई लगेच उडते.