विंचवाचे बिऱ्हाड आणि आरोग्य विमा : फ्लोरिडातील पीपीओ योजनेचा तीन वर्षांचा अनुभव

न्यू जर्सीतील एडिसनचे घर विकून माझे पती आणि मी २०२१ मध्ये मोटरहोममध्ये कायमचे राहायला गेलो, तेव्हा नाशिकहून थोरल्या जाऊबाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता: "आजारी पडलात तर काय कराल?" पाणी, वीज, गॅस, टपाल या सगळ्याची उत्तरे आमच्याकडे तयार होती, या एका प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला मात्र दोन वर्षे लागली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, परंतु अमेरिकेतील आरोग्य विमा पत्त्याला, आणि त्यातही काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला), बांधलेला असतो. पासष्टीच्या आतल्या (पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो), नोकरी सोडलेल्या आणि वर्षातून आठ-दहा राज्ये फिरणाऱ्या माणसाने हा विमा कसा घ्यावा, हे आम्ही ठेच लागल्यावरच शिकलो. आज आमच्याकडे असलेल्या योजनेविषयी तीन वर्षांच्या वापरानंतर सविस्तर लिहीत आहे, कारण निवृत्तीनंतर आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारखे फिरते घर, घेण्याचा विचार करणारी मराठी जोडपी आम्हाला आता वरचेवर भेटू लागली आहेत.

आमची योजना फ्लोरिडातील आहे. ब्लू क्रॉस ब्लू शील्ड या राज्याराज्यांतल्या विमा कंपन्यांच्या संघटनेशी जोडलेल्या तेथील कंपनीची ही पीपीओ, म्हणजे रेफरलशिवाय (डॉक्टरांच्या शिफारसपत्राशिवाय) आणि परराज्यांतही उपचार घेता येणारी, योजना आम्ही सरकारी मार्केटप्लेसवरून, म्हणजे हेल्थकेअर डॉट गव्ह या विमा खरेदीच्या संकेतस्थळावरून, १ जानेवारी २०२३ पासून घेतली. त्याआधीचे वर्ष आम्ही दुसऱ्या एका कंपनीच्या टेक्सासमधील एचएमओ योजनेत, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या ठरावीक डॉक्टरांच्या नेटवर्कपुरत्या योजनेत, काढले होते, आणि आधी त्याविषयीच सांगायला हवे, कारण त्या अनुभवावाचून आजच्या योजनेची किंमत कळणार नाही.

आरव्हीत पूर्णवेळ राहणारे लोक आपला कायदेशीर पत्ता बहुधा टेक्सास, साउथ डकोटा किंवा फ्लोरिडा या तीनपैकी एका राज्यात ठेवतात. तिन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि तिन्हीकडे टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या जुन्या, जम बसलेल्या सेवा आहेत. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन हे गाव तर एस्केपीज या आरव्हीधारकांच्या संघटनेमुळेच या लोकांत प्रसिद्ध आहे. आम्हीही तेथील पत्ता घेतला आणि हप्ता कमी आहे एवढेच पाहून एचएमओ योजना निवडली. "आपत्कालीन उपचार देशभर मिळतात," असे माहितीपत्रकात लिहिले होते, आणि ते खोटे नव्हते. आपत्कालीन विभागात जावे लागले तर रुग्णालय नेटवर्कबाहेरचे असले तरी विमा कंपनीला नेटवर्कमधल्यासारखाच हिशेब करावा लागतो, आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्रायझेस कायद्याने त्या रुग्णालयाला रुग्णाकडून वरची रक्कम मागण्यासही बंदी केली आहे.

अडचण पुढे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही युटात मोआबजवळ मुक्कामाला असताना पतींच्या पोटात रात्री असह्य कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. आपत्कालीन विभागातील उपचार उत्तम झाले, त्यांचा हिशेबही नियमाप्रमाणे झाला. पण दुखणे थांबल्यावर त्यांना घरी सोडण्यात आले आणि पित्ताशय लवकरात लवकर काढून घ्या असा सल्ला देण्यात आला. ही शस्त्रक्रिया विम्याच्या भाषेत आपत्कालीन नव्हती. ती करायची तर टेक्सासमध्ये, नेटवर्कमधल्या प्रायमरी (नेहमीच्या) डॉक्टरचे रेफरल घेऊन आणि नेटवर्कमधल्याच सर्जनकडून. हजार मैलांहून अधिक अंतर मी एकटीने चालवले. वाटेत तीन दिवस तूप न घातलेली मुगाची पातळ खिचडी आणि भाताची पेज एवढेच त्यांना देत होते, आणि प्रत्येक विश्रांतिस्थळावर थांबून पुन्हा कळ आली नाही ना, हे विचारत होते. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. परंतु त्या रात्रीच्या रुग्णवाहिकेचे बिल आम्हाला वर्षभर पुरले, कारण नो सरप्रायझेस कायदा हवाई रुग्णवाहिकेला लागू आहे, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला नाही. ही एक गोष्ट प्रत्येक आरव्हीधारकाने कागदावर लिहून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

त्यामुळे फिरत्या माणसाने विमा निवडताना "अपघात झाला तर?" असे विचारू नये, "अपघातानंतरच्या मंगळवारी टाके कोण काढणार?" असे विचारावे. त्या मंगळवारासाठीच पीपीओ लागते, आणि वैयक्तिक विम्यात पीपीओ सगळीकडे मिळत नाही. टेक्सासमध्ये आम्ही शोधली तेव्हा मार्केटप्लेसवर परराज्यांत चालणारी एकही पीपीओ आम्हाला आढळली नाही. फ्लोरिडात ती होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही पत्ता क्ले काउंटीतील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्स येथे हलवला. आरव्हीवाल्यांप्रमाणेच बोटीवर राहणाऱ्यांनाही हे गाव चांगले ठाऊक आहे. रहिवासाचे प्रतिज्ञापत्र काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवले, वाहन परवाना बदलला, गाडीची नोंदणी बदलली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मार्केटप्लेसच्या नियमांत कायमचा पत्ता नसलेल्या माणसालाही जागा आहे. त्या राज्यात राहत असणे आणि तेथेच राहण्याचा हेतू असणे पुरेसे धरले जाते. पण तो हेतू खरा असायला हवा. आम्ही दरवर्षी हिवाळ्याचे चार महिने फ्लोरिडातच काढतो, आमचे मतदान आणि आमचे नेहमीचे डॉक्टर तेथेच आहेत. ज्या राज्यात कधी पाऊलही टाकायचे नाही, तेथील पत्ता केवळ विम्यासाठी घेणे मला योग्य वाटत नाही आणि कुणालाही तसा सल्ला मी देणार नाही.

आता प्रत्यक्ष योजनेविषयी. विमा कार्डाच्या कोपऱ्यात एका प्रवासी बॅगेचे छोटे रेखाचित्र असते आणि त्या बॅगेच्या आत पीपीओ ही अक्षरे छापलेली असतात. नखाएवढे हे चित्र पाहूनच परगावच्या दवाखान्यातील स्वागतिका मान डोलावते, कारण त्याचा अर्थ हा रुग्ण ब्लूकार्ड व्यवस्थेतून आलेला आहे असा असतो. दवाखान्याने बिल आपल्याच राज्यातील ब्लू कंपनीकडे पाठवायचे, ती कंपनी स्थानिक करारातील दर लावते आणि हिशेब आमच्या मूळ कंपनीकडे देते. सदस्य क्रमांकाच्या सुरुवातीची तीन अक्षरे किंवा अंक पाहून कोणता रुग्ण कोणत्या कंपनीचा, हे त्यांना कळते. बॅग रिकामी असेल तर पीपीओचे फायदे नाहीत असे समजावे. आणि बॅगेत पीपीओच्या पुढे बी हे अक्षर असेल तर नेटवर्क आणखी मर्यादित असते. योजना घेण्यापूर्वी कार्डाचा नमुना मागवून हे चित्र डोळ्यांनी पाहावे, केवळ विक्री प्रतिनिधीच्या शब्दावर जाऊ नये.

या व्यवस्थेची खरी परीक्षा २०२४ च्या उन्हाळ्यात झाली. पतींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. मोंटानात असताना नव्या बुटामुळे त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली आणि ती चिघळली. मधुमेह्याच्या पायाची जखम एका भेटीत बरी होत नाही. दर आठवड्याला साफ करून नवी पट्टी बांधावी लागते, रक्तपुरवठा तपासावा लागतो, साखरेवर लक्ष ठेवावे लागते. सहा आठवडे आम्ही एकाच कॅम्पग्राउंडवर थांबलो आणि दर गुरुवारी जखमांच्या क्लिनिकमध्ये गेलो. एकदाही रेफरल मागितले गेले नाही, एकदाही "हे तुमच्या राज्यात जाऊन करा" असे ऐकावे लागले नाही. परिचारिका पट्टी सोडताना जखमेची लांबी-रुंदी मोजपट्टीने मोजून लिहीत असे, आणि तो आकडा मिलिमीटर-मिलिमीटरने कमी होताना पाहिला तेव्हा जादा भरलेल्या हप्त्याविषयी माझ्या मनात किंतु उरला नाही. जुन्या योजनेत आम्हाला एक तर टेक्सासला परतावे लागले असते किंवा सारा खर्च स्वतः सोसावा लागला असता. आणि अशा पायाने तो प्रवास करण्याचा धोका किती मोठा असतो, हे मधुमेह असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

एक घोटाळा झाला, तोही सांगते. वाटेतल्या एका लहान दवाखान्याने बिल स्थानिक ब्लू कंपनीकडे न पाठवता थेट फ्लोरिडाला पाठवले, तेथून ते परत आले, आणि दवाखान्याने पूर्ण रकमेचे बिल आमच्या नावे काढले. कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून, त्या दवाखान्याला बिल पुन्हा योग्य ठिकाणी सादर करायला लावून ते मिटेपर्यंत दोन महिने गेले. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरतानाच मी स्पष्ट सांगते, की बिल तुमच्याच राज्यात द्या. टपालसेवा पाकिटांची छायाचित्रे पाठवते आणि आपण सांगितलेले पाकीट उघडून स्कॅन करते, म्हणून असली पत्रे वेळेत दिसतात. ही सोय नसती तर मुदती हुकल्या असत्या.

योजनेच्या मर्यादा मोठ्या आहेत. पहिली अर्थातच पैशांची. हप्ता आमच्या जुन्या एचएमओच्या जवळजवळ दीडपट आहे. मार्केटप्लेसवर जुन्या आजारांमुळे विमा नाकारता येत नाही किंवा हप्ता वाढवता येत नाही, हे मधुमेही माणसासाठी वरदान आहे. पण वयानुसार हप्ता वाढतोच, आणि चौसष्टीच्या माणसाचा हप्ता एकविशीतल्याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. हप्त्यासाठी २०२१ पासून मिळणारे सरकारचे वाढीव अनुदान कायद्याने २०२५ च्या अखेरपर्यंतच दिलेले होते, आणि यंदाच्या हप्त्यात तो फरक आम्हाला चांगलाच जाणवला. जुन्या नियमाप्रमाणे दोघांच्या कुटुंबाचे २०२६ चे उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या वर गेले की अनुदान पूर्णपणे जाते, आणि आधी घेतलेले सारे कर भरताना परत करावे लागते. आपल्या लोकांनी येथे विशेष सावध राहावे: पुण्या-नाशिकच्या फ्लॅटचे भाडे आणि एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) ठेवींवरील व्याज भारतात करमुक्त असो वा नसो, अमेरिकेच्या हिशेबात ते उत्पन्नच आहे. आम्ही आता वर्षाच्या सुरुवातीलाच निवृत्तिखात्यातून किती रक्कम काढायची ते ठरवतो.

दुसरी मर्यादा डिडक्टिबलची, म्हणजे आधी स्वतः भरायच्या रकमेची. ते भरून झाल्याशिवाय बहुतेक गोष्टींचा खर्च आपल्याच खिशातून होतो. २०२६ मध्ये नेटवर्कमधील उपचारांसाठी एका व्यक्तीवर कायद्याने जास्तीत जास्त १०,६०० डॉलर आणि कुटुंबावर २१,२०० डॉलर पडू शकतात. एवढी रक्कम बाजूला ठेवूनच आरव्हीचे जीवन सुरू करावे. प्रौढांच्या दातांचा समावेश आमच्या योजनेत नाही. त्यासाठी आम्ही, ॲरिझोनात हिवाळा काढणाऱ्या अनेकांप्रमाणे, युमाजवळची सीमा पायी ओलांडून मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेसला एकदा गेलो होतो, आणि पतींच्या दोन दाढांचे काम तेथे नीट झाले. भारतात गेल्यावर ही योजना उपयोगी पडत नाही, त्या काळासाठी आम्ही वेगळा प्रवास विमा घेतो.

तिसरी मर्यादा विम्याची नसून परवान्यांची आहे. व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरांकडे बहुधा रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तेथील परवाना असावा लागतो. फ्लोरिडातील आमच्या डॉक्टरांनी आम्ही मोंटानात असल्याचे कळताच नम्रपणे तपासणी थांबवली. त्यामुळे राज्य सोडण्यापूर्वी सगळ्या तपासण्या उरकून नव्वद दिवसांची औषधे बरोबर घेणे, देशभर शाखा असलेल्या औषधदुकानातच प्रिस्क्रिप्शन ठेवणे आणि इन्सुलिनची न उघडलेली पेने फ्रिजमध्ये थर्मामीटरशेजारी ठेवणे ही आमची शिस्त झाली आहे.

कॅम्पग्राउंडवर शेजारी अनेकदा आरोग्यखर्च वाटून घेणाऱ्या धार्मिक मंडळांची शिफारस करतात. त्यांची मासिक वर्गणी खरोखर कमी असते. परंतु ती मंडळे विमा नव्हेत. खर्च देण्याची कायदेशीर हमी ती देत नाहीत आणि जुने आजार वगळू शकतात. मधुमेह असलेल्या घरात हा मार्ग मी कदापि स्वीकारणार नाही. ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे, त्यांनीही पित्ताशयाची ती रात्र आमच्यावरही अचानकच आली होती, हे लक्षात घ्यावे.

ज्यांचे वर्षातले नऊ-दहा महिने एकाच राज्यात जातात, त्यांना मी ही योजना सुचवणार नाही. चांगली स्थानिक एचएमओ त्यांना पुरेल आणि पैसेही वाचतील. सतत फिरणाऱ्या आणि नियमित उपचार लागणाऱ्या जोडप्याने मात्र ती अवश्य पाहावी. अर्जाची मुदत १ नोव्हेंबरला सुरू होते, आणि जानेवारीपासून विमा हवा असेल तर १५ डिसेंबरपर्यंत अर्ज करावा लागतो. योजना दरवर्षी बदलतात, तेव्हा आपली काउंटी टाकून त्या वर्षीचे नेटवर्क नव्याने तपासावे.

आम्ही यंदाही हीच योजना पुढे चालू ठेवली आहे. आणखी दोन वर्षांनी पतींना पासष्ट पूर्ण होतील. तेव्हा नेटवर्कने बांधलेली, खासगी कंपनीची मेडिकेअर ॲडव्हान्टेज न घेता मूळ मेडिकेअर आणि तिला जोडून मेडिगॅप हा पूरक विमा घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे, कारण मूळ मेडिकेअर स्वीकारणारा डॉक्टर कोणत्याही राज्यात चालतो. मेडिगॅप प्रकृती न विचारता मिळण्याची मुदत पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून सहाच महिने असते. ती तारीख मी मोटरहोमच्या दाराच्या आतल्या बाजूस, टायरच्या हवेच्या तक्त्याखाली, आत्ताच लिहून ठेवली आहे.