अझेलाइक ॲसिड 20 टक्के क्रीम: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

या महिन्याच्या सुरुवातीला माझ्या हनुवटीवर आणि डाव्या जबड्यालगत पुन्हा सात-आठ पुटकुळ्या उठल्या, तेव्हा माझा पहिला संशय पावसाळी दमट हवेवर गेला, दुसरा नव्या सनस्क्रीनवर आणि तिसरा शाळेत जाता-येताना दुचाकीवर चेहऱ्याला घट्ट बांधाव्या लागणाऱ्या ओलसर स्कार्फवर. मुरुमांसाठी लावत असलेल्या अझेलाइक ॲसिडच्या क्रीमवर संशय घ्यावा असे एकदाही मनात आले नाही. संपत आलेली ट्यूब कात्रीने उभी कापून आतले उरलेले क्रीम काढायला बसले (आमच्या घरात कोणतीही ट्यूब कापल्याशिवाय टाकली जात नाही), तेव्हा नावापुढचा आकडा नजरेस पडला. तो 20 नसून 10 होता.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या गडबडीत मी चार ट्यूब एकदम आणल्या होत्या आणि त्या चारही 10 टक्क्यांच्या निघाल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 20 हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. दुकानदारांना ती चिठ्ठी आणि उरलेली एक सीलबंद ट्यूब दाखवली, तेव्हा त्यांनी "मॅडम, आत औषध तेच आहे, फक्त माइल्ड आहे" असे उत्तर दिले. उघडलेल्या ट्यूबचे पैसे परत मिळणार नाहीत हे मला मान्य होते, पण सीलबंद ट्यूबही बदलून मिळाली नाही, कारण बिलाला दोन महिने उलटून गेले होते. त्या वेळी बिल नेहमीपेक्षा कमी आले होते आणि सवलत मिळाली असेल असे समजून मी समाधानाने घरी आले होते, हे आठवून आजही वाईट वाटते. दोन्ही ट्यूबचे रंग, खोके आणि अक्षरांची ठेवण इतकी सारखी असते की आकडा मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. औषधाची मात्रा निम्मी होते, ही गोष्ट वेष्टनावर ठळक दिसायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

माझे वय 32 आहे आणि मुरुमांचा त्रास दहावीपासूनचा आहे. बेंझॉइल पेरॉक्साइडने मला बराच आराम पडत असे, मात्र त्याने उशांचे अभ्रे, टॉवेल आणि सासूबाईंची एक जांभळी चादर ठिकठिकाणी पांढरट करून ठेवली. ॲडापलीनने नाकाच्या बाजूची त्वचा सोलून निघत असे, तरीही मी ते दोन वर्षे चिकाटीने लावले. मागच्या दिवाळीनंतर आम्ही मुलाचा विचार करू लागलो, तेव्हा मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ॲडापलीन थांबवायला सांगितले आणि गर्भधारणेच्या काळातही सहसा सुरक्षित मानले जाणारे हे क्रीम दिले. त्वचेवर लावलेल्या अझेलाइक ॲसिडपैकी सुमारे 4 टक्केच शरीरात शोषले जाते, आणि गहू, बार्ली यांसारख्या धान्यांतून ते थोड्या प्रमाणात आपल्या पोटात जातच असते, हे त्यांनी समजावून सांगितल्यावर माझी धास्ती कमी झाली.

पहिल्या तीन आठवड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लावल्यावर दोन-तीन मिनिटांत गालांवर लाल मुंग्या सोडल्यासारखी चुणचुण सुरू होते, वीस मिनिटे टिकते आणि निघून जाते. चेहरा धुतल्यावर त्वचा पूर्ण कोरडी होईपर्यंत पंधरा मिनिटे थांबले, तर ती निम्म्याने कमी होते. पहिला आठवडा मी एक दिवसाआड, नंतर रोज रात्री आणि पुढे दोन्ही वेळा लावू लागले. जानेवारीअखेर खाज जवळजवळ संपली. सुरुवातीच्या या खाजेला घाबरून पुष्कळ जण क्रीम सोडून देतात, पण माझ्या मते या औषधाचा खरा त्रास तो नाही.

खरा त्रास आहे तो त्याच्या गोळ्या होण्याचा. सकाळी क्रीम लावावे, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन लावावे आणि बोट फिरवताच खोडरबराने वही घासल्यावर जसा चुरा निघतो, तसा पांढरा चुरा गालांवरून सुटू लागावा, हा प्रकार मी चार महिने रोज अनुभवला. शिक्षिकेला हा चुरा लगेच ओळखू येतो. तो भुवयांत अडकतो, मंगळसूत्राच्या मण्यांत जाऊन बसतो, गडद रंगाच्या ब्लाउजवर कोंड्यासारखा दिसतो. प्रार्थनेच्या वेळी एका मुलीने माझ्या खांद्याकडे बोट दाखवून "मॅडम, खडू सांडलाय" असे सांगितले होते. लाजेपेक्षाही मला जास्त खुपत होती ती नासाडी. 15 ग्रॅमची ट्यूब मला अडीचशे रुपयांच्या घरात पडते, म्हणजे ग्रॅमला जवळपास 17 रुपये, आणि ते औषध त्वचेत जायच्या ऐवजी माझ्या कपड्यांवर आणि स्कार्फच्या आतल्या बाजूला जात होते. स्कार्फ उलटा करून पाहिला, तर जबड्याच्या रेषेवर पांढरा पट्टा उमटलेला असे, आणि नेमक्या त्याच रेषेवर माझे मुरुम सर्वांत हट्टी होते.

हे का होते, ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडले नाही. अझेलाइक ॲसिड पाण्यात फारच कमी विरघळते. त्यामुळे क्रीममध्ये त्याचा मोठा भाग विरघळलेल्या रूपात नसून अतिशय बारीक कणांच्या रूपात असतो, आणि हे कण अजून त्वचेवरच असताना त्यावर सिलिकोनयुक्त सनस्क्रीन चोळले की दोन्ही थर एकमेकांना धरून वळकटी होऊन निघतात. याच कारणामुळे 15 टक्क्यांचे जेल हे 20 टक्क्यांच्या क्रीमपेक्षा कमजोर असेलच असे नाही, कारण जेलमध्ये विरघळलेल्या औषधाचे प्रमाण क्रीमपेक्षा बरेच जास्त असते. अमेरिकेत 20 टक्क्यांच्या क्रीमला मुरुमांसाठी 1995 मध्ये मान्यता मिळाली आणि 15 टक्क्यांच्या जेलला 2002 मध्ये रोझेशियासाठी, म्हणजे चेहरा लाल होण्याच्या आजारासाठी. तेव्हा टक्केवारीची तुलना एकाच प्रकारच्या बैठकीत, म्हणजे क्रीमची क्रीमशी, करावी हेच योग्य. माझ्या दुकानदारांनी मात्र क्रीमच्या जागी निम्म्या ताकदीचे क्रीमच दिले होते, त्यामुळे त्यांना या मुद्द्याचा आधार घेता येणार नाही.

चुऱ्यावर उपाय शोधताना मी मॉइश्चरायझर तीनदा बदलले. अखेर जी रीत जमली ती अशी आहे. सकाळी उठल्याबरोबर चेहरा धुऊन, तो कोरडा झाल्यावर क्रीम लावते आणि न चोळता बोटांनी दाबून बसवते. मग स्वयंपाक आणि डबे होईपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, चेहऱ्याला हात लावत नाही. सकाळचे मॉइश्चरायझर पूर्णपणे बंद केले. सनस्क्रीन सिलिकोन नसलेले, पातळ लोशनसारखे घेतले आणि तेही थापून लावते. स्कार्फ आता गुळगुळीत सुती कापडाचा आहे आणि रोज धुतला जातो. एवढे केल्यावर चुरा नव्वद टक्के थांबला. क्रीमने त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होत नाही, पण डाग उन्हाने पुन्हा गडद होतात, म्हणून सनस्क्रीन गाळण्याचा पर्याय मी स्वीकारला नाही.

इथे मला माझे आधीचे एक मत मागे घ्यावे लागते. मार्चमध्ये मी आमच्या शाळेतल्या दोन सहकारी मैत्रिणींना "हे औषध फारसे काही करत नाही, पैसे वाया घालवू नका" असे सांगितले होते. तोपर्यंत नव्या पुटकुळ्या थोड्या कमी झाल्या होत्या, इतकेच. एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरांनी एक ट्यूब किती दिवस पुरते असे विचारले आणि मी अभिमानाने "दोन महिने" म्हणून सांगितले. त्यांनी बोटावर क्रीमची साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची रेघ काढून दाखवली. संपूर्ण चेहऱ्याला एका वेळी इतके, म्हणजे अर्धा ग्रॅम, लागते. दिवसातून दोन वेळा धरले, तर 15 ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. मी पाव मात्रेवर चार महिने काढले होते, आणि त्या पाव मात्रेतलाही काही भाग स्कार्फवर गेला होता. महिन्याला पाचशे रुपये हा हिशेब मला जड वाटला, हे खरे आहे. पण आधीचे चार महिने अपुऱ्या मात्रेत घालवले, तो खर्च याहून वाईट होता, हे मनाशी पक्के केले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण मात्रा सुरू केली.

मेअखेर जे दिसले त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. पुटकुळ्या कमी होतील असे वाटत होते आणि त्या झाल्याही, परंतु गालांवरचे जुने तपकिरी-काळे डाग, जे मी कायमचेच समजत होते, ते फिके पडले होते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत पुटकुळी चार दिवसांत बसते, पण तिचा डाग सहा-सहा महिने मुक्काम करतो आणि मनाला जास्त टोचतो तो डागच. अझेलाइक ॲसिड मुरुमांचे जीवाणू कमी करते, रोमछिद्रांच्या तोंडाशी साचणाऱ्या मृत पेशींचा अडथळा सैल करते, दाह शमवते आणि त्याच वेळी त्वचेचा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखते. त्याला जीवाणू सरावल्याची, म्हणजे प्रतिजैविकांच्या बाबतीत होते तशी, अडचण आढळत नाही, ही गोष्ट वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात फार महत्त्वाची आहे.

या औषधाची जन्मकथाही रंगाशी निगडित आहे, आणि ती कळल्यावर मला या ट्यूबविषयी काहीसा जिव्हाळा वाटू लागला. अंगावर उठणारी शिबे एका यीस्टमुळे येतात आणि त्यात त्वचा ठिकठिकाणी फिकी पडते. रोमच्या सान गालिकानो संस्थेतील मार्चेला नात्सारो-पोर्रो आणि सिरो पासी यांनी 1970 च्या दशकात या फिकेपणाचा माग काढताना या यीस्टपासून तयार होणाऱ्या आम्लांकडे लक्ष वेधले. पुढे त्यांपैकीच एक असलेले अझेलाइक ॲसिड रंगदोषांवर वापरून पाहत असताना मुरुमही कमी होतात असे लक्षात आले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. जूनमध्ये एका नातेवाईक बाईंनी "कोणते गोरे होण्याचे क्रीम लावतेस?" असे कौतुकाने विचारले. माझा रंग होता तोच आहे, फक्त डाग गेले आहेत. हे औषध प्रामुख्याने गडद झालेल्या जागीच काम करते, निरोगी त्वचेला सहसा उजळवत नाही. क्वचित कोणाला फिके चट्टे पडल्याची नोंद आहे, म्हणून सावळ्या लोकांनी अधूनमधून डॉक्टरांना चेहरा दाखवावा हेच बरे. त्या बाईंनी स्वतः वापरत असलेले, मैत्रिणीने सुचवलेले क्रीम मला दाखवले, तेव्हा त्यात रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, ॲडापलीनच्या जातीचे ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असे तिन्ही घटक होते. चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत राहिल्याने त्वचा पातळ होते, लाली येते आणि नवे मुरुम उठतात. तशी मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत असा नियम असूनही ती सहज हातात पडतात. त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितले.

जिथे हे क्रीम उपयोगी पडले नाही तेही सांगते. पाळीच्या आधी जबड्याच्या खाली येणाऱ्या, खोल आणि दुखऱ्या गाठींवर त्याचा मला जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. त्या गाठी वर्षभरापूर्वी महिन्याला तीन येत होत्या, आताही दोन येतात. त्यामागे संप्रेरकांचे कारण असू शकते, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या आहेत. नाकावरचे काळे ठिपके कमी झाले आहेत, पण ॲडापलीनने जितके होत असत तितके नाहीत. मला मूल होऊ द्यायचे नसते आणि केवळ काळ्या ठिपक्यांचा प्रश्न असता, तर मी ॲडापलीनकडेच परत गेले असते.

10 टक्क्यांच्या क्रीमलाही पूर्ण दोष देणे योग्य होणार नाही. त्या दोन महिन्यांत चुणचुण अजिबात नव्हती, चुरा नव्हता आणि डाग पुन्हा गडद झाले नाहीत. ज्यांना पुटकुळ्या नाहीत आणि फक्त हलके डाग आहेत, किंवा ज्यांची त्वचा फार नाजूक आहे, त्यांना कदाचित तेवढे पुरेल. माझ्या मुरुमांना ते पुरले नाही. चुरा होत नाही म्हणून माझी रीत अखेर पूर्णपणे साधली, असे समजून मी जुलैभर आनंदात होते. औषध निम्मे असल्यामुळे चुराही कमी होता, हे कारण मला ट्यूब कापेपर्यंत कळले नाही.

गेल्या शनिवारी दुसऱ्या दुकानातून 20 टक्क्यांच्या दोन ट्यूब आणल्या. काउंटरवरच खोके उघडायला लावून ट्यूबवरचा आणि खोक्यावरचा आकडा, तसेच वापराची अंतिम तारीख, असे सगळे वाचून मगच पैसे दिले. पहिल्या दोन रात्री गालांवर ती जुनी चुणचुण परत आली आणि सोमवारी सकाळी स्कार्फवर पुन्हा थोडा पांढरा पट्टा दिसला. सीलबंद राहिलेली 10 टक्क्यांची ट्यूब मी पाठीवरच्या डागांसाठी ठेवली आहे.